खुरटलेलं कुरण पुन्हा चराईला आणताना

घोड्यांनी पार खरवडलेलं कुरण सावरायला घेतलं, तेव्हा बी आणि खत यांचा विचार नंतर केला. आधी घोडे बाहेर काढले. आमच्या मते कुरणाचं बरंवाईट गवताच्या खालच्या दहा सेंटिमीटरवर ठरतं, आणि घोडे आत असेपर्यंत तेवढं गवत शिल्लक राहत नाही.

गाय गवत जिभेने ओढून खाते. घोड्याला वर आणि खाली दोन्हीकडे पुढचे दात असल्यामुळे तो अगदी बुडाशी कातरतो. गवताला पुन्हा फुटायला लागणारा साठा नेमका त्या बुडाशी असतो. तो गेला की मुळं आखडतात, माती उघडी पडते आणि तण शिरतं. जंतांच्या बहुतेक अळ्याही तिथेच असतात. त्यात घासासोबत वाळूमाती पोटात जाऊन पोटशूळ होतो तो वेगळाच.

म्हणून कुरणाचे चार कप्पे केले आणि एक उघडा वाडा राखून ठेवला. गवत १५ ते २० सेंटिमीटर झालं की घोडे आत, ८ ते १० सेंटिमीटरवर आलं की बाहेर. वाढीच्या हंगामात एका कप्प्याला तीन-चार आठवडे विश्रांती पुरते. कोरड्या दिवसांत बरीच जास्त लागते. हे पट्टीने मोजून ठरवायचं. तारखा धरून कप्पे बदलले की अर्धवट वाढलेलं गवत चारलं जातं. पाऊस लागून जमीन मऊ झाली किंवा गवत थांबलं की घोडे वाड्यात येतात आणि तिथे वाळलेलं गवत खातात. ते मातीवर टाकत नाही. गव्हाणीत किंवा रबरी चटईवर देतो. ५०० किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण १० किलो कोरडा चारा लागतो. एका घोड्यामागे एक ते दोन एकर चांगलं कुरण नसेल, तर केवळ चराईवर पोट भरेल असं धरूच नये.

मातीचा नमुना नागमोडी चालत पंधरा-वीस ठिकाणांहून, १५ सेंटिमीटर खोलीपर्यंतचा घेतला. लीद पडण्याच्या जागा टाळल्या. खत किंवा चुना अहवाल पाहूनच टाकला. खत टाकल्यावर चांगला पाऊस पडून दाणे पूर्ण विरघळेपर्यंत त्या कप्प्यात घोडा सोडत नाही.

सगळ्यात जास्त मेहनत लिदीची, आणि तीच सगळ्यात जास्त टाळली जाते. एक घोडा दिवसाला सुमारे २० किलो लीद टाकतो. उबदार, दमट हवेत त्यातल्या जंतांच्या अंड्यांपासून आठवड्याभरात संसर्ग करणाऱ्या अळ्या तयार होतात आणि ओल्या गवतावर चढतात. त्यामुळे लीद आठवड्यातून दोनदा तरी उचलावीच लागते. कुळव फिरवून ती पसरवण्याचा मोह होतो. पण दमट हवेत तसं केलं की घोडा एरवी ज्या जागा टाळतो, तिथल्या अळ्या सगळ्या कुरणात जातात. कडक, कोरड्या उन्हातच कुळव फिरवावा आणि नंतर कप्पा काही आठवडे मोकळा ठेवावा. ताजी लीदही गवतावर पसरत नाही, ढीग लावून कुजवतो. ढिगाच्या पोटातलं तापमान ५५ अंशांच्या वर जातं, तिथे अंडी आणि तणाचं बी मरतं. कडेचा भाग गारच राहतो, म्हणून ढीग उलथून कडेचं मध्ये घ्यावं लागतं. घोड्यांनंतर त्याच कप्प्यात गाई किंवा मेंढ्या चारल्या तर दुहेरी फायदा होतो: घोड्यांचे बहुतेक जंत त्यांच्या पोटात टिकत नाहीत आणि घोड्यांनी सोडलेलं उंच गवतही संपतं.

जंतांचं औषध सगळ्यांना सरसकट देणं आम्हाला पटत नाही. त्याने जंत औषधाला दाद देईनासे होतात. लीद तपासून घ्यावी. मोठ्या घोड्यात एका ग्रॅममागे अंडी २०० च्या आत असतील तर बहुधा औषध लागत नाही, पण निर्णय पशुवैद्यकाचा. शिंगरांची गोष्ट वेगळी. त्यांना हा आकडा लावू नये.

विषारी झाडांसाठी कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी चालतो. कण्हेर सगळ्यात घातक, वाळलेली पानंसुद्धा. छाटलेल्या फांद्या कुंपणाजवळ कधी टाकू नयेत. एरंड, घाणेरी, धोत्रा मुळासकट काढतो. ज्वारी आणि सुदान गवताच्या चराईने घोड्याचं मूत्राशय आणि मागचे पाय निकामी होऊ शकतात, म्हणून ती पेरलीच नाहीत. अंजनसारख्या काही गवतांमधलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. कुरणात तीच जास्त असतील तर जबड्याची, चेहऱ्याची हाडं फुगेपर्यंत कॅल्शियमची कमतरता कळत नाही. तिथे लसूणघास आणि कॅल्शियमयुक्त खनिज मिश्रण द्यावं.

काटेरी तार पूर्ण काढली. बुजलेला घोडा तारेत पाय अडकला की थांबत नाही, ओढतो, आणि कातडीच नव्हे, स्नायूबंधही कापले जातात. तिच्या जागी दीड मीटर उंचीपर्यंत विजेचा सौम्य झटका देणारी रुंद पांढरी पट्टी लावली, कारण बारीक तार धावत्या घोड्याला दिसत नाही. कोपरे गोलाकार ठेवले, म्हणजे इतर घोड्यांनी दाबलेला घोडा कोंडीत सापडत नाही. चरताना म्होरकी काढून ठेवतो. पाण्याचा हौद कुंपणरेषेत ठेवला, भोवती खडी अंथरली. एका घोड्याला रोज २५ ते ५० लिटर पाणी लागतं, उन्हात अधिक.

हिरव्या गवतावर परत आणताना आधी वाळलेलं गवत खाऊ घालतो. पहिल्या दिवशी १५ ते ३० मिनिटं चराई, मग थोडी थोडी वाढवत दोन-तीन आठवड्यांत पूर्ण वेळ. आतड्यातल्या जिवाणूंना नव्या चाऱ्याची सवय व्हायला एवढा काळ लागतो. गवतातली साखर दिवसभर उन्हात वाढत जाते आणि दुपारनंतर सर्वाधिक असते, म्हणून लठ्ठ घोडे आणि तट्टू पहाटे सोडतो. थंडीत गवतावर हिम पडलं असेल तर त्या सकाळी नाही, कारण गारठ्यात रात्रीची साखर खर्चच होत नाही. ज्याला खुरांचा दाह, म्हणजे लॅमिनायटिस, एकदा होऊन गेला आहे त्याला मात्र इतक्या निगराणीनंतरही मोकळं सोडत नाही. तो वाड्यातच राहतो किंवा तोंडाला जाळी लावून थोडा वेळ चरतो.