जाखडीवाली डिस्क: सेक्टर ६३ कोण मागतंय?

मंडळी, जाखडीवाली डिस्क, म्हणजे कोकणातल्या जाखडी नाचाच्या जुन्या शूटिंगची बिघडलेली हार्ड डिस्क, हलली! मागच्या अपडेटमध्ये डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरून जमेल तेवढं वाचून प्रत काढणारा प्रोग्राम) ७१ टक्क्यांवर अडून बसला होता, कर्नेल लॉग (लिनक्सची नोंदवही) एररनी भरून वाहत होता आणि पावसाळा संपेपर्यंत डिस्क पिशवीत बांधून ठेवावी का, असं मी विचारलं होतं. तशी गरज पडली नाही. अडथळ्याचा मोठा भाग डिस्कमध्ये नव्हताच, तो माझ्याच सर्व्हरवर होता.

आधी छोटं यश, कारण त्याचा आनंद अजून उतरलेला नाही. तुमच्यापैकी दोघातिघांनी सांगितल्याप्रमाणे टॉर्क्स स्क्रूड्रायव्हरने डिस्कचा बोर्ड उतरवला. हेडकडे जाणाऱ्या पिनांखालची पॅडं पार काळवंडली होती. गुहागरच्या किनाऱ्यालगतच्या घरात इतकी वर्षं माळ्यावर पडलेली डिस्क, खारी हवा तिला सोडते थोडीच. पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासत गेलो, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवला. एकेक पॅड काळ्याचं तपकिरी, तपकिरीचं चांदीसारखं होताना बघायला फार बरं वाटतं. बोर्ड परत बसवल्यावर डिस्क पहिल्या झटक्यात ओळखली गेली. आधी ती दोनदा-तीनदा 'टक् टक्' करून मगच जागी व्हायची.

पण एरर तशाच राहिल्या.

आता मुख्य भानगड. लॉगमध्ये दोन जातींच्या ओळी येत होत्या. एका जातीत एकोणसत्तर कोटींच्या घरातले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे क्रमांक लावलेले छोटे कप्पे. ते समजण्यासारखं आहे. ५०० जीबी डिस्कचे एकूण सेक्टर ९७,६७,७३,१६८, म्हणजे ७१ टक्के तिथेच येतात आणि डीडीरेस्क्यू तिथेच झगडत होता. दुसऱ्या जातीत मात्र एकच आकडा, पुन्हा पुन्हा: एसडीसी (लिनक्सने या डिस्कला दिलेलं नाव), सेक्टर ६३, रीड, आय/ओ एरर.

सेक्टर ६३ म्हणजे एक्सपीच्या काळातल्या डिस्कवर पहिलं पार्टिशन सुरू होतं ती जागा. मॅपफाइलमध्ये (काय वाचून झालं याच्या डीडीरेस्क्यूच्या नोंदीत) डिस्कच्या सुरुवातीचा सगळा पट्टा अधिकच्या चिन्हाने भरलेला, म्हणजे केव्हाच वाचून झालेला. डीडीरेस्क्यूला तिकडे जायचं काही कारण नाही. त्याला थांबवून तोच सेक्टर मी डीडी या साध्या कॉपी कमांडने हाताने वाचला, तर क्षणात आला, स्वच्छ. डीडीरेस्क्यू चालू केला की सेक्टर ६३ पुन्हा फसतो. म्हणजे सेक्टर धडधाकट आहे, पण नको त्या वेळी कोणीतरी तो मागतंय. कोण?

केबल बदलली. रत्नागिरीतल्या दुकानात मिळणाऱ्या पातळ साटा केबलींवर माझा विश्वास नाही, त्यांची क्लिप एका पावसाळ्यात ढिली पडते. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या जाड, लॉकवाल्या केबली मी याच कामासाठी राखून ठेवल्यात. फरक शून्य. स्मार्टमधला (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदींमधला) १९९ नंबरचा आकडा, म्हणजे सीआरसी एररचा, मुळात वाढतच नव्हता, तेव्हा केबल निर्दोष होती. वाढत होता तो १९७, वाचायचे अडकलेले सेक्टर. पॉवर सप्लाय बदलून पाहिला, इन्व्हर्टर बायपास करून पाहिला. तेच.

एलएसओएफ (कोणी काय उघडून ठेवलंय ते दाखवणारी कमांड) रिकामा. डिस्क माउंट केलेली नाही, कुठल्याही व्हर्च्युअल मशीनला दिलेली नाही. पण एलएसओएफ हा त्या क्षणापुरता फोटो असतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडून बंद करणारा त्यात सापडत नाही. म्हणून ऑडिटडी (कोणी काय उघडलं ते टिपून ठेवणारा) बसवला आणि त्याच्या ऑडिटसीटीएल कमांडने एसडीसी१ वर, म्हणजे डिस्कच्या पहिल्या पार्टिशनवर, पाळत लावली. चहा होईपर्यंत लॉग जमला: दर १० सेकंदांनी एक नोंद, कमांडचं नाव व्हीजीएस, खरी फाइल एलव्हीएम (डिस्कांची जागा एकत्र करून वाटून देणारी लिनक्सची व्यवस्था), आणि ती चालवणारी होस्टची, म्हणजे माझ्या सर्व्हरची, स्टेटस सेवा. डॅशबोर्डवर कुठल्या व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (अशा एकत्र केलेल्या जागेत) किती जागा उरली ते दाखवायला ती सेवा दर १० सेकंदांनी एलव्हीएमला विचारते. आणि एलव्हीएमला वेगळं काही सांगितलेलं नसेल, तर तो उत्तर देण्याआधी मशीनला जोडलेली सगळी ब्लॉक डिव्हाइसेस चाळतो.

त्याचं काम रास्त आहे. फिजिकल व्हॉल्यूमचं (एलव्हीएमच्या ताब्यातल्या डिस्कचं किंवा पार्टिशनचं) लेबल पहिल्या चार सेक्टरांपैकी एकात असतं, ते आहे का हे बघायला त्याला प्रत्येक डिस्कची, प्रत्येक पार्टिशनची सुरुवात वाचावी लागते. सध्याच्या आवृत्त्या सुरुवातीचे १२८ केबी उचलतात, तेही डायरेक्ट आय/ओने. म्हणजे मेमरीतल्या कॅशवर भागत नाही, डिस्कलाच जावं लागतं. धडक्या डिस्कला याचं काहीच वाटत नाही. मरणासन्न डिस्कच्या जिवावर मात्र ते उठतं. हेड ७१ टक्क्यांपाशी एका खराब सेक्टरवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतंय, आणि तेवढ्यात हुकूम येतो की पार बाहेरच्या कडेला जाऊन पहिलं पान दाखव. घरगुती डिस्क एका वाईट सेक्टरवर कितीतरी वेळ अडते, कर्नेल साधारण ३० सेकंद वाट बघतो आणि मग लिंक रीसेट करतो. त्यातून एनसीक्यू (डिस्कला एकदम अनेक कमांड रांगेत देण्याची सोय) चालू असेल तर एक कमांड फसली की रांगेतल्या बाकीच्याही रद्द होतात. त्या गर्दीत सेक्टर ६३ चा बळी जातो, आणि प्रत्येक रीसेटला डीडीरेस्क्यूची लय तुटते ती वेगळीच.

'माउंट केली नाही म्हणजे डिस्कला हात लागत नाही' हे आपण सगळे एकमेकांना सांगत आलोय. एलव्हीएमच्या होस्टवर ते खरं नाही. रेस्क्यूला घेतलेली डिस्क जोडण्याआधी तिला स्कॅनमधून बाहेर काढा.

उपाय एका ओळीचा आहे. ती ओळ एलव्हीएमच्या सेटिंगच्या फाइलीत, एलव्हीएम डॉट कॉन्फमधल्या डिव्हाइसेस विभागात जाते. फक्त साधा फिल्टर वापरू नका, ग्लोबल फिल्टर वापरा. साधा फिल्टर कमांड देताना बदलता येतो, त्यामुळे यूडेव्ह (जोडलेली डिव्हाइसेस ओळखणारी सेवा) किंवा स्टेटस सेवा यांच्यासाठी त्याचा भरवसा नाही. नियमात आर म्हणजे नाकार, ए म्हणजे घे. आणि एसडीसी असं नाव लिहू नका, आजची एसडीसी रीबूटनंतर एसडीडी होते. डिस्क बाय आयडीखालचं नाव लिहा, त्यात मॉडेल आणि सीरियल नंबर असतो. मग व्हीजीएस चार व्ही लावून चालवा. तुमच्या डिस्कपुढे 'स्किपिंग' आणि कंसात 'रेजेक्स' दिसलं की काम झालं. डेबियनवाल्यांनी शेवटी इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइल सिस्टिम) पुन्हा बनवायचा, कारण कॉन्फची एक प्रत त्यात असते आणि बूट होताना तीच वाचली जाते.

फिल्टर लावला आणि ऑडिटचा लॉग गप्प झाला. सेक्टर ६३ ची ओळ त्यानंतर आलेली नाही. खराब पट्ट्यात रीसेट अजून होतात, पण अधूनमधून. डीडीरेस्क्यू त्या रात्रीच ७१ वरून सुटला आणि आता ९७ टक्क्यांच्या पुढे आहे. स्मार्टचे आकडे तपासत राहणाऱ्या स्मार्टडीलाही ही डिस्क सोडायला सांगितलंय, तो मुळात दर ३० मिनिटांनी डोकावतो.

हे लिहिताना सुचलं, तेव्हा इथेच मांडतो. दर पेशंट डिस्कसाठी नवा नकार लिहिण्यापेक्षा उलटं का करू नये? होस्टच्या स्वतःच्या दोन डिस्का बाय आयडीने ए, आणि शेवटी बाकी सगळ्यांना आर. एका डिव्हाइसला अनेक नावं असतात, पण त्यातलं एखादं जरी आरच्या आधी एला जुळलं तरी डिस्क घेतली जाते, म्हणजे हे चालायला हवं. पार्टिशनची नावं जुळतील असा नमुना तेवढा लिहायचा. नव्या एलव्हीएममध्ये हेच काम डिव्हाइसेस फाइल करते, रेड हॅट ९ च्या मालिकेत ती मुळातच चालू असते. मला तो रस्ता जास्त पटतो. यादीत नाही त्याला हात नाही. या रविवारी तसंच करतो, यूएसबीवर बूट होणारं वेगळं रेस्क्यू मशीन उभारायचा बेत मागे ठेवला.

आणि आता ज्यासाठी हे सगळं केलं ते. अर्धवट इमेज रीड-ओन्ली लूपवर (फाइललाच डिस्क मानून) लावली. फोल्डर दिसले! कॅमेऱ्यातून थेट उतरवलेल्या डीव्ही व्हिडिओच्या फाइली, तासाला साधारण १३ जीबी. पहिलीच उघडली ती शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे जाखडीतल्या दोन पक्षांच्या, सामन्याची. मधे बसलेले गाणारे, भोवती फेर धरलेले बाल्ये (नाचणारे), पायातले चाळ इतके स्पष्ट वाजत होते की आमच्या घरातले सगळे स्वयंपाकघरातून बाहेर आले. फेरातला तिसरा गडी आता मुंबईला असतो, त्याला आईने चालीवरून ओळखलं.

मधेच एका जागी चित्राचे चौकोन झाले आणि लगेच सावरलं. त्यावरून बेत पुन्हा बदलला. डीव्हीमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, पाल व्हिडिओ पद्धतीत १,४४,००० बाइटची, सेकंदाला २५. म्हणजे एक सेक्टर गेला तर सहसा एकाच फ्रेमला डाग पडतो, पुढचं चित्र शाबूत राहतं. एमपीईजीसारखा डाग पुढे पसरत नाही. मग उरलेल्या तीन टक्क्यांसाठी खरवडण्याचा (खराब पट्टा एकेक सेक्टर करून वाचण्याचा) टप्पा चालवून हेड संपवायचं कशाला? ट्रिमिंग (खराब पट्ट्यांच्या कडा वाचणं) पुरं होऊ देतो, एक फेरी उलट्या दिशेने मारतो, आणि मॅपफाइलवरून कुठल्या फाइलींना भोकं पडलीत ते काढतो. एखादा पूर्ण सामना अडकला असेल तरच तेवढ्या पट्ट्यावर खरवड.

एक विचारायचंय. उलट्या फेरीत डिस्कची स्वतःची रीड-अहेड (पुढचं आधीच वाचून ठेवणारी) कॅश एचडीपार्म कमांडने बंद करून कोणी फरक मोजलाय का? माझ्याकडे याच शूटिंगवाल्याची दुसरी डिस्क एसटीच्या पार्सलने निघाली आहे, नमनाची (कोकणातल्याच दुसऱ्या लोककलेची). ती जोडण्याआधी उत्तर मिळालं तर बरं.