तुम्ही विचारलंत म्हणून: हॉटेल का नाही काढलं

मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून हा प्रश्न फारच वाढलाय. आधी चतुर्थीला आलेले पाहुणे विचारायचे, आता सिलिंडर आणून देणारा मुलगाही विचारतो. "काका, तुम्ही नेव्हीत पाणबुडीवर कुक होतात ना? पेडण्यात रस्त्याला लागून जागा आहे. मग हॉटेल का नाही काढत?" शेजाऱ्यांनी तर नावही ठरवून ठेवलंय, 'सबमरीन'. दर्शनी भिंतीवर टॉर्पेडो रंगवायचा म्हणे.

आजवर मी वेळ मारून नेली. भांडवल नाही, परवान्यांसाठी खेटे कोण घालणार, गुडघे दुखतात. सगळं खरं आहे, पण उत्तर यातलं एकही नव्हे. म्हणून एकदाच नीट सांगतो. कुठल्या पाणबुडीवर होतो, कुठल्या समुद्रात गेलो, ते मात्र विचारू नका. ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

विचारणाऱ्यांचा हिशेब सरळ असतो. पन्नास माणसांचं रांधणाऱ्याला दहा टेबलं काय जड? आमच्या नौदलातल्या सिंधुघोष वर्गाच्या पाणबुडीवर साधारण ५२ माणसं असतात आणि ती ४५ दिवस समुद्रात राहू शकते, हे आकडे जगजाहीर आहेत. पण त्या आकड्यांवरून तिथला स्वयंपाक कळत नाही. गोव्यातलं हॉटेल चालतं वासावर. तव्यावर रव्यातला इसवण, म्हणजे सुरमई, पडला की रस्त्यावरची गाडी थांबली पाहिजे. माझं सगळं कसब नेमकं उलटं होतं. वास येऊ द्यायचा नाही, धूर होऊ द्यायचा नाही, भांड्याला भांडं लागू द्यायचं नाही, विजेची उधळपट्टी करायची नाही.

फोडणीचंच घ्या. पाण्याखाली खिडकी नसते. तेलात मिरची जळली तर तो खाट पुढच्या स्नॉर्टिंगपर्यंत, म्हणजे नळी वर काढून हवा आत घेईपर्यंत, सगळ्यांच्या नाकातोंडात. शिवाय शेजारच्या कंपार्टमेंटमधल्या माणसाला तो धूर कांद्याचा की वायरिंगचा, हे कळायला मार्ग नसतो. त्यामुळे तळण जवळजवळ नाहीच. डिझेल पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर चालते, आणि गॅलीतल्या, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरातल्या, शेगड्या त्याच बॅटरीवर. रात्री पृष्ठभागाजवळ येऊन, नळी वर काढून इंजिनं सुरू केली, बॅटरी चार्ज व्हायला लागली, की आमची चूल पेटणार. त्यातही लाट नळीवर आली की झडप मिटते, इंजिन बोटीतलीच हवा ओढायला लागतं आणि कानात दडे बसतात. अशा वेळी मी पन्नास जणांची कणीक मळलेली आहे. भात अर्ध्या पातेल्यापर्यंतच, कारण बोट कलली की उकळतं पाणी तुमच्या पायावर.

विशाखापट्टणमच्या समुद्रकिनाऱ्यावर 'कुरसुरा' पाणबुडीचं संग्रहालय आहे. २००१ साली ती निवृत्त झाली, आता तिकीट काढून आत जाता येतं. आमच्याकडचे लोक सहलीला जाऊन तिथली गॅली पाहतात आणि मला फोटो पाठवतात, "हेच का हो तुमचं स्वयंपाकघर?" माझी बोट वेगळी, पण हो, इतकंच. फोटोत ते मोठं दिसतं, कारण त्यात बटाट्याची पोती नाहीत. निघताना आम्ही जिथे जागा मिळेल तिथे शिधा कोंबायचो. न्हाणीघरातसुद्धा. नाहीतरी अंघोळीला पाणी कुठे असायचं! कोथिंबीर पहिली जायची, मग टोमॅटो. कोबी वरची पानं सोलत सोलत बराच पुढे न्यायचा. कांदे रोज हाताळून निवडायचे, कारण एक सडका कांदा बंद बोटीत काय करतो ते सांगण्यासारखं नाही. ताजं संपलं की डबे. म्हैसूरला संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा आहे, १९६१ पासून ती सैन्यासाठी टिकाऊ जेवणं तयार करते. पाकीट गरम पाण्यात बुडवायचं की झालं. वाईट नसतं. पण दोन-तीनदा खाल्लं की पोरं पाकिटाकडे बघूनच वळायची.

"स्वयंपाकीच ना तुम्ही?" असा सूर लावणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवतो. छातीवरचे डॉल्फिन, म्हणजे पाणबुडीवाल्याचा बिल्ला, कुकलाही फुकट मिळत नाहीत. बोटीतला कुठला व्हॉल्व्ह काय करतो ते अंधारात हात लावून सांगता यावं लागतं. आग लागली तर डाव टाकून तिथे मीही धावणार.

आता मूळ गोष्ट. त्या वेळी परत फिरायचा दिवस जवळ आला होता आणि मुक्काम वाढला. सीओ, म्हणजे बोटीचे कमांडिंग ऑफिसर, स्वतः गॅलीच्या दारात आले आणि विचारलं, किती दिवस काढशील? अणुपाणबुडी पाणी आणि प्राणवायू समुद्रातूनच तयार करते, तिला परत फिरायला लावतो तो शिधा. आमचं डिझेलचं गणित निराळं, तरी तो प्रश्न कुकला विचारावाच लागतो. मी पोती मोजली आणि आकडा सांगितला. जास्तीचाच सांगितला, कारण तांदूळ आणि डाळ भरपूर होती.

त्यानंतरच्या एका दुपारची डाळ. मी चव घेतली, अळणी लागली. मीठ घातलं. पुन्हा घेतली, तशीच. पुन्हा घातलं. मग ताटं गेली. सोनारवर, म्हणजे पाण्यातले आवाज टिपणाऱ्या यंत्रावर, बसणारा हरियाणाचा एक पोरगा होता, खायला पुढे, बोलायला त्याहून पुढे. तो ताट घेऊन परत आला आणि कट्ट्यावर ठेवून निघून गेला. एक शब्द नाही. मग दुसरं ताट आलं. मग तिसरं. शेवटी कॉक्सवेन आला, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, वयाने सगळ्यांत मोठा माणूस. दरवाजात उभा राहून हळूच म्हणाला, "नमक चखा था?"

मी त्याच्यासमोर डाव भरून प्यायलो. मला ती कालच्यासारखीच लागली.

पोरगा मागून म्हणाला, "समंदर डाल दिया है कुक ने."

कोणी हसलं नाही. हसले असते, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. जोवर लोक जेवणाला नावं ठेवतात तोवर कुकने निर्धास्त असावं. त्या दिवशी नावं ठेवायचंही त्राण कोणात नव्हतं. डाळीत बटाटे घालून खारटपणा मारावा म्हटलं, तर शांततेचा हुकूम लागलेला, शेगड्या बंद. पाणी वाढवावं, तर पाणी मोजून. पन्नास माणसांनी कोरडा भात, लोणचं आणि डब्यातला अननस खाल्ला आणि आपापल्या वॉचवर, म्हणजे पाळीवर, गेली. मी पातेल्यावर झाकण ठेवून उभा. बसायला तिथे जागाच नसते.

रात्री शेगडी सुरू झाल्यावर साखर चाखली, गोड लागली. मिरची लागली. कोकमाची सोलं मी घरून घेऊन जायचो, आंबटही लागलं. मीठ तेवढं गेलं होतं. शिळी हवा, डिझेलचा वास, अर्धवट झोप, कशामुळे ते आजही सांगता येणार नाही. डोकं तर सगळ्यांचंच दुखायचं.

दुसऱ्या दिवसापासून मी त्या पोरालाच बोलावलं. वॉच संपला की तो यायचा, डावातलं चाटायचा, "कम" किंवा "ठीक" एवढंच म्हणायचा आणि झोपायला जायचा. बंदराला लागेपर्यंत मी रांधलेलं अन्न मी चाखलं नाही. त्याच्या जिभेवर पन्नास माणसं जेवली. त्याने ते कधी कोणाला बोलून दाखवलं नाही, आणि हे मी त्याचं आजही मानतो.

किनाऱ्यावर आल्यावर दोनेक आठवड्यांत मीठ परत लागायला लागलं. डॉक्टरांनी जीभ बघितली, काही नाही म्हणाले. त्यानंतर मी नोकरी पूर्ण केली, पुन्हा समुद्रावरही गेलो, आणि तक्रार एकही आली नाही. पण प्रत्येक पातेल्याला कोणीतरी दुसरा चाखणारा लागायचा. घरी अजूनही लागतो. रविवारचं हुमण मीच करतो. बांगडा, तिरफळं, सगळं हाताच्या अंदाजाने. मीठ मात्र बायकोने बघायचं.

ती म्हणते, हे तुझं निमित्त आहे. "खारट झालं की पहिला ओरडतोस तू. जीभ ठणठणीत आहे तुझी, भीती आहे ती." निवृत्त होताना मीही हेच म्हणत होतो. जागा आहे, पेन्शन आहे, वर्षभरात बोर्ड लावणार, असं छातीठोक सांगत होतो सगळ्यांना. तेव्हाचा जो मी, त्या माणसाशी माझं अजून भांडण आहे. तो म्हणतो, चाखायला माणूस ठेव, मोठ्या हॉटेलांत ठेवतातच की. मी म्हणतो, तिथे ताट परत आलं तर दुसरं देता येतं, गिऱ्हाईक उठून समोरच्या हॉटेलात जातं, कोणाचं काही अडत नाही. तो म्हणतो, मग सोपंच आहे ना ते, घाबरतोस कशाला? इथे माझ्याकडे उत्तर नसतं. उठून जाणाऱ्यांसाठी रांधायची मला सवय नाही, असं म्हणून बघितलं. ऐकायला बरं वाटतं, पण ते खरं आहे की नाही, कोण जाणे.

सध्या पुतण्याने डोकं खाल्लंय. हॉटेल मॅनेजमेंट करून आलाय. म्हणतो, काका, चव मी बघतो, तुम्ही कोठी सांभाळा. कोठीचं मला पटतं. कुठला कांदा आज वापरायचा आणि कुठला शुक्रवारी, हे मी कोणापेक्षाही चांगलं सांगेन. फोडणीचं नाही पटत, कारण त्याला उघडी गॅली हवी आहे, रस्त्यावरून दिसेल अशी. आमची त्यावर दोनदा खडाजंगी झाली. खर्चाचा कागद त्याने आणून दिलाय, तो फ्रिजवर लावलाय. मी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. तेव्हा यापुढे कोणाला विचारायचं असेल त्याने पुतण्याला विचारावं.