बांधावरची बाभूळ ते बंब : कटरच्या नोंदी, जानेवारी ते मे

काम साताऱ्यातल्या कोरेगावच्या बाजूचं. वाऱ्याने बांधावर आडव्या झालेल्या तीन बाभळी, एक उभी वाळलेली सुबाभूळ, चिनी घाटाचा ५८ सीसीचा कटर (पेट्रोलवरची चेनसॉ), चेन जिच्या खाचेतून फिरते ती अठरा इंची पट्टी, आणि शेवटाला वीस लिटरचा तांब्याचा बंब. कटर दोन हंगाम पडून होता. तक्रार एकच : "ओढत नाही, नि कापताना वाकडा जातो."

आधी कायद्याचं. १९६४ च्या झाडे तोडण्याच्या कायद्याच्या अनुसूचीत आंबा, चिंच, जांभूळ, फणस, साग, हिरडा, ऐन, खैर अशी झाडं आहेत. ती स्वतःच्या शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बाभूळ, सुबाभूळ, निलगिरी त्या यादीत नाहीत. शहराच्या हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा लागू होतो. माल गाडीत भरण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात एकदा विचारून घ्यावं. रस्त्यात अडवल्यावर खुलासे देत बसण्यापेक्षा ते सोपं.

१४ जानेवारी

कटर ओढत नाही म्हटलं की पहिला हात कार्बोरेटरच्या स्क्रूकडे जातो. तो आवरायचा आणि आधी भुसा बघायचा. धार असलेली चेन लाकडाचे काप काढते, तांदळाच्या दाण्याएवढे किंवा त्याहून मोठे. धार गेलेली चेन पीठ पाडते. इथे पीठच पडत होतं, आणि कटरवर दाब दिल्याशिवाय पट्टी खाली उतरत नव्हती. म्हणजे दोष इंजिनात नंतर शोधायचा, आधी दातांत.

चेन .३२५ पिचची (कड्यांमधलं अंतर, इंचात), १.५ मिमी गेजची (खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी), ७२ ड्राइव्ह लिंकची, म्हणजे खाचेत धावणाऱ्या कड्यांची. त्यात कापणारे दात ३६, अठरा डावे नि अठरा उजवे. व्हर्नियर लावून प्रत्येक दाताच्या पाठीची लांबी मोजली. डावे दात सरासरी साडेसात मिमी, उजवे साडेसहाच्या आत. कटर वाकडा जाण्याचं कारण इथेच सापडलं. ज्या बाजूचे दात लांब आणि तिखट, त्या बाजूला पट्टी ओढली जाते. उजव्या हाताने कानस मारणाऱ्याची एक बाजू जोरात घासली जाते नि दुसरी हलकी राहते, म्हणून हा फरक बहुतेक कटरांत पडतो.

दात उन्हात धरून बघितला. कडेला केसाएवढी पांढरी रेघ चमकत होती. ती रेघ म्हणजेच बोथटपणा, कारण कड गोल झाली की तिथून उजेड परततो. तिखट कडेवर उजेडाला जागाच नसते, ती काळी दिसते. सहा दातांचे कोपरे तर तारेवर घासून गोल झाले होते.

तारेबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण बांधावरच्या बाभळीत ती हमखास असते. कधीकाळी कुंपणाची काटेरी तार खिळ्याने झाडाला ठोकलेली असते, झाड वाढतं आणि ती पोटात घेतं. बाहेरून काही दिसत नाही. पण बाभळीत टॅनिन भरपूर, आणि टॅनिन लोखंडाला भेटलं की शाईसारखा निळा-काळा डाग पडतो. हा डाग लाकडाच्या रेषांच्या दिशेने वर-खाली लांब पसरतो. पहिला काप घेतल्यावर उघड्या पडलेल्या तोंडावर असा काळपट ठिपका किंवा पट्टा दिसला की थांबायचं. वर-खाली एकेक फूट सोडून पुढचा काप घ्यायचा. मधला तुकडा कुऱ्हाडीने फोडायचा किंवा तसाच बाजूला टाकायचा. पहिल्या बाभळीत बुंध्यापासून तीन फुटांवर असा डाग निघाला. तुकडा फोडल्यावर आत गंजलेली तार होती, दोन पेरांएवढी.

१९ जानेवारी

धार लावणे. .३२५ च्या चेनला ४.८ मिमीची गोल कानस. ३/८ पिचच्या चेनला ५.२ किंवा ५.५ चालते, पण ती इथे वापरली तर दाताचा गळा पसरट होतो आणि चेन घासत चालते. कानशीचा साधारण पाचवा हिस्सा दाताच्या वर राहिला पाहिजे. कोन ३० अंश. कोरडी, कठीण बाभूळच कापायची असेल तर २५ वर धार जास्त टिकते, कापायचा वेग थोडा कमी होतो.

पट्टी शेगड्यात (व्हाइसमध्ये) घट्ट धरली आणि चेन एरवीपेक्षा जरा ताणली, म्हणजे दात डुलत नाही. कानस आतून बाहेर, फक्त पुढे जाताना दाबायची. परत येताना उचलायची. मागे ओढताना घासली की कानशीचेच दात मरतात आणि दोष कानशीच्या कंपनीला दिला जातो. सगळ्यात आखूड दात शोधून त्यावर खडूची खूण केली आणि बाकीचे ३५ त्याच्या मापाला आणले. यात दोन तास आणि दीड कानस गेली. पुढच्या खेपांना प्रत्येक दाताला तीन-चार हात पुरतात. पेट्रोलच्या दोन टाक्या संपल्या की चेनला हात फिरवायचाच, बोथट वाटो न वाटो.

दातापुढचा उंचवटा, ज्याला डेप्थ गेज म्हणतात, तो दाताच्या टोकापेक्षा ०.६५ मिमी खाली हवा. दात घासून घासून खाली येतो आणि उंचवटा तिथेच राहतो. मग दात लाकडाला टेकतच नाही. धार उत्तम आणि तरी पीठ पडतंय, तर कारण हेच. चपट्या कानशीने उतरवायचा, पण हिशेबाने. एक मिमी खाली गेला की दात लाकडात नको तेवढा घुसतो, कटर झटके देतो आणि पट्टीचं टोक उसळून अंगावर येण्याचा धोका वाढतो. टोकाचा वरचा चतकोर भाग लाकडाला लागू द्यायचाच नाही, हे कितीही सराव असला तरी पाळायचं. लुंगी, उपरणं, मोकळ्या बाह्या कटरजवळ नकोत. चष्मा आणि जाड बूट हवेतच.

२ फेब्रुवारी

पट्टी. चेन बोटाने बाजूला कलवली तर ती खूपच कलत होती, म्हणजे खाचेचे काठ झिजलेले. काठांवर बाहेरच्या अंगाला पापुद्र्यासारखी धार आली होती, ती चपट्या कानशीने काढली. पट्टी काचेवर उभी ठेवून दोन्ही काठ एका पातळीत आणले. खाचेतला गाळ जुन्या हॅक्सॉच्या पात्याने ओढून काढला. काळा, चिकट, डांबरासारखा. बाभळीचा डिंक, भुसा आणि जळकं ऑइल यांचं ते मिश्रण. तेलाचं भोक त्यानेच बुजलं होतं.

जळकं ऑइल चेनला घालण्याची पद्धत सगळीकडे आहे आणि ती सोडलीच पाहिजे. त्यात इंजिनाचा लोखंडी चुरा असतो, तो पट्टी आणि पंप दोन्ही घासतो. ते पातळ झालेलं असतं म्हणून चेनवर टिकत नाही, आणि कातडीला लागलेलंही वाईटच. बार ऑइल मिळालं तर उत्तम, नाहीतर नवं एसएई ४० चालतं. कागदावर किंवा ताज्या कापलेल्या बुंध्यावर पट्टीचं टोक वीतभर अंतरावर धरून अर्धी रेस दिली की तेलाची बारीक रेघ उमटायला हवी. या कटरची पेट्रोल टाकी ५५० मिली, तेलाची २६० मिली. पेट्रोल संपताना तेलही जवळपास संपलं पाहिजे. तेल अर्धं उरलं तर ते पट्टीपर्यंत पोचलेलं नाही.

इथे भोक साफ करूनही रेघ उमटेना. क्लच उतरवला तर पंप फिरवणारं प्लास्टिकचं वर्म गिअर वितळलेलं. चेनचा ब्रेक लावलेला असताना रेस दिली की क्लच तापतो आणि पहिला बळी याचा जातो. नवा गिअर बसवला. क्लचचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने सुटतात. हे विसरून जोर लावला की क्रँक बिघडतो. पट्टी दर धारेला उलटी करायची, म्हणजे दोन्ही काठ सारखे झिजतात.

९ फेब्रुवारी

आता इंजिन. स्लोला रेस आपोआप चढायची आणि उतरायला वेळ घ्यायची, शिवाय कटर आडवा केला की आवाज बदलायचा. ही कुठूनतरी जास्तीची हवा ओढत असल्याची खूण. असाच चालवत राहिलं तर मिश्रण कोरडं पडून पिस्टन घासतो, मग सिलिंडर-पिस्टनचा संचच बदलावा लागतो. कार्बोरेटर आणि सिलिंडरमधला रबरी बूट दुमडून पाहिला तर घडीत चीर निघाली. बूट, पेट्रोलची नळी, टाकीतला फिल्टर आणि कार्बोरेटरचा डायफ्राम संच एकदमच बदलले. डायफ्राम पापडासारखा कडक झाला होता. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं आणि ते हवेतली ओल शोषतं. म्हणून काम झालं की टाकी रिकामी करायची आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत स्लोला चालू द्यायचं. मिसळलेलं पेट्रोल महिन्याभरात संपवायचं.

मिश्रण या कटरच्या पुस्तिकेप्रमाणे २५ ला १, म्हणजे लिटरला ४० मिली टू-टी ऑइल. अंदाजाने झाकणभर नको, मापाने. तेल वाढवलं की इंजिनाला पेट्रोल तेवढं कमी पडतं आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी साचते. प्लगचं अंतर ०.६ ते ०.७ मिमी.

कार्बोरेटरचे स्क्रू दोन्ही हलक्या हाताने बंद करून एकेक फेरा उघडले, मग इंजिन गरम करून बारीक जुळवणी केली. पूर्ण रेसला, लाकडाबाहेर, आवाज जरा भरडा आणि तुटक हवा. लाकडात घातल्यावर तोच आवाज साफ झाला पाहिजे. बाहेरच किंचाळत असेल तर पेट्रोल कमी पडतंय. स्लोला चेन फिरता कामा नये. फिरत असेल तर रेस उतरवायची. तरीही फिरली तर क्लचची स्प्रिंग गेलेली.

फेब्रुवारीचा उरलेला महिना

कापणी. बंबासाठी वीतभर लांबीचे, चुलीसाठी दीड फुटाचे. ओली बाभूळ लोण्यासारखी कापली जाते असं नाही, पण वाळलेल्या बाभळीपेक्षा निम्म्या वेळात होते. फोडणीही ओली असतानाच. बाभूळ मधोमध फोडायला जाऊ नये, कडेकडेने ढलप्या काढत आत जावं. गाठ असेल तर ती खालच्या अंगाला ठेवावी. पिळाच्या ओंडक्यात पाचर घालून घण मारावा. निलगिरी असेल तर आठवड्याच्या आत फोडावी, वाळली की तिचे पिळे सुटत नाहीत.

ट्रॅक्टरवर चालणाऱ्या हायड्रॉलिक फोडणीयंत्राचा हिशेब करून ठेवला आहे. १०० मिमी व्यासाचा सिलिंडर १५० बार दाबाला जवळपास १२ टन जोर देतो. ६०० मिमीच्या धावेला पावणेपाच लिटर तेल लागतं. पंप मिनिटाला २० लिटर देत असेल तर पुढे जायला १४ सेकंद, मागे यायला, ५० मिमीचा दांडा धरून, १० ते ११. म्हणजे ओंडक्याला २५ सेकंद. बाभळीला १२ टन बहुतेक ठिकाणी पुरतात, दुबेळक्याचा तुकडा मात्र अडतो. पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, फिरणारा शंकूचा स्क्रू स्वस्तात बनतो, पण त्यात कपडा किंवा हातमोजा गुंडाळला गेला तर सुटका नाही. तो नकोच.

वाहतूक छोट्या हत्तीतून. हौदा साधारण सात फूट बाय पावणेपाच. त्यात ओल्या बाभळीचा एक फूट उंच थर रचला तर मधली पोकळी वजा जाता साडेपाचशे-सहाशे किलो भरतो. गाडीची क्षमता पाऊण टनाच्या आसपास. फाळक्याच्या वर लाकूड दिसलं की भार जास्त झाला असं समजावं, खंबाटकीचा घाट उतरायचा असेल तर नक्कीच.

मार्च ते मे

वाळवण. खाली दगड, दगडावर बल्ल्या, त्यावर ढलप्या आडव्या-उभ्या. वर पत्रा, बाजू उघड्या. प्लास्टिकने गुंडाळलेली रास आतून घामेजते आणि बुरशी धरते. कोरेगाव, खटाव, माणकडे उन्हाळ्याची कोरडी हवा हे काम तीन महिन्यांत करते. पाटण, जावळीकडे मात्र वळवाच्या आधी माल छपराखाली गेलाच पाहिजे. सुबाभळीची साल काढून टाकली, नाहीतर भुंगेरे आत शिरतात आणि राशीखाली पिठाचे ढीग दिसू लागतात.

एक ढलपी खूण करून दर रविवारी वजन केली. १ मार्चला १२४० ग्रॅम, ५ एप्रिलला ९७०, ३ मेला ८८५, १७ मेला ८८०. वजन उतरायचं थांबलं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत वाजल्या. ओल्या ढलप्यांचा आवाज बद येतो.

१८ मे

बंब पेटवला. आधी पाणी, मग जाळ. रिकाम्या बंबाखाली जाळ केला की झाळलेले सांधे सुटतात आणि तांबटाकडे खेप पडते. वीस लिटर पाणी २५ वरून ६० अंशावर न्यायला ७०० किलोकॅलरी लागतात. वाळलेल्या लाकडात किलोला ३४०० च्या आसपास असतात, पण त्यातला मोठा हिस्सा धुराबरोबर नळीतून वर जातो. सुक्या बाभळीच्या ६५० ग्रॅममध्ये काम झालं. तेच लाकूड निम्मं पाणी असलेलं घातलं तर किलोला १९०० च हाती येतात, कारण किलोत लाकूडच निम्मं असतं, आणि त्याच्या उष्णतेतलीही काही आधी पाणी उडवण्यात जाते. शिवाय जाळ थंड राहतो आणि नळीत डिंकासारखा काळा थर चढतो. आधीच्या हंगामाचा तसा थर लांब दांड्याच्या ब्रशने खरवडला, ओंजळभर निघाला. त्यानंतर ओढ इतकी सुधारली की वरचं झाकण अर्धं लावावं लागलं.

आत बोअरच्या पाण्याचे क्षार बसले आहेत. लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवून सकाळी दोनदा विसळायचं बाकी आहे. पितळी तोटी थेंब टाकते, तिचा वायसर आणायचा आहे. तिसऱ्या बाभळीचा बुंधा अजून बांधावरच आहे. त्याच्या तोंडावर निळसर पट्टा दिसतोय, म्हणून तो घण आणि पाचरीनेच फोडायचा.