टिपणीतून सुटलेला शब्द

माझ्या टिपणीत एक शब्द सुटला होता. त्यापायी मे महिन्याच्या भर दुपारी, दहा-बारा लोकांच्या देखत, मला रस्त्यावर उकिडवं बसून टेप धरावी लागली.

मी नगररचनेच्या कामातला रचना सहायक. तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहानशा नगर परिषदेत होतो. प्रकरण बावीस गुंठ्यांचं. जुनं भातखाचर, कित्येक वर्षं पड. विकास योजनेत, म्हणजे कुठली जमीन कशासाठी ते ठरवणाऱ्या नकाशात, ते शेती विभागात आणि तिन्ही बाजूंना घरं, आगरं. मालक गावातलाच. त्याला खाली सहा गाळे आणि वर दवाखाना, सीए, पतसंस्था अशांना भाड्याने द्यायला कार्यालयं बांधायची होती. खाडी लांब, त्यामुळे सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवरच्या बंधनांची, भानगड नव्हती. मागणी मला रास्त वाटली होती आणि आजही वाटते. वाडीतल्या म्हाताऱ्यांना साधं रक्त तपासायलाही रिक्षा करून बाजारात जावं लागतं.

जमिनीचा विभाग बदलायचा म्हणजे १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमातलं कलम ३७. आधी सभेचा ठराव, मग राजपत्रात सूचना, हरकतींना एक महिना, सुनावणी, आणि शेवटी प्रस्ताव शासनाकडे. मंजुरी तिथली. आम्ही फक्त कागद सरळ लावून पाठवायचे.

हरकती सतरा आल्या. त्यातल्या अकरा एकाच मजकुराच्या झेरॉक्स, खाली सह्या तेवढ्या वेगळ्या. बाकीच्यांत बऱ्याचशा पाण्याच्या. खाचरात भराव घातला की पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी आमच्या पडवीत येणार, असं म्हणणं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणचं काय झालं ते पाहिल्यापासून आमच्याकडे भराव म्हटलं की माणूस आधी दारातला उंबरा बघतो. तो मुद्दा खरा होता. पऱ्या आहे तसा ठेवायचा आणि मोरी मोठी करायची, अशी अट मी सुचवली.

सतरावी हरकत एका निवृत्त गुरुजींची. चार पानं, वळणदार अक्षर, सोबत जोडपत्रं. सुनावणीत ते उठले, चष्मा कपाळावर सरकवला आणि या प्रस्तावावरची माझीच टिपणी मला वाचून दाखवली. ‘सदर जागा ९ मीटर रुंद रस्त्यालगत आहे.’ मग विचारलं, “साहेब, हा नऊ मीटरचा रस्ता कुठेशी आहे? मी पण बघून येईन म्हणतो.”

सभागृह हसलं. मी नकाशा उघडला आणि पोटात गोळा आला. नकाशात रस्ता नऊ मीटरच होता, पण तुटक रेषेत. म्हणजे प्रस्तावित. मी टेबलावर बसून स्केल लावली आणि तो शब्द न लिहिताच मोकळा झालो. आणि नऊ मीटर हा काही किरकोळ आकडा नाही. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या बांधकामाच्या एकत्रीकृत नियमावलीतही रहिवासी भागात रस्ता त्याहून अरुंद असला की दुकानं-कार्यालयांसाठी हात आखडता घेतलेला आहे.

मुख्याधिकाऱ्यांनी सुनावणी तिथेच थांबवली. “चला जागेवर.”

जागेवर दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, वरून माडाच्या झावळ्या आलेल्या. शिपायाने टेपचं टोक धरलं, मी रीळ. पहिलं माप ६.२०. पुढे ५.८०. वळणावर तर एसटीवाल्यालाही घाम फुटेल असं ५.१०. दर मापाला गुरुजी मागच्या लोकांकडे वळून आकडा मोठ्याने सांगत होते, शाळेत पाढे म्हणवून घ्यावेत तसे.

५.१० चं माप घेताना मला त्यांच्याच जोडपत्रातला एक कागद आठवला. भूमी अभिलेखकडून मोजणी करून घेतल्याची क-प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा मोजणी नकाशा. खाचराच्या मालकाने बांध सरकवलाय हे दाखवायला त्यांनी ती जोडली होती. मी फाईल गडग्यावर ठेवून उलगडली. खाचराकडचा बांध बरोबर हद्दीवर होता. रस्त्याकडची गुरुजींची हद्द मात्र वीजखांबाच्या आत होती आणि त्यांचा गडगा खांबाच्या बाहेर, म्हणजे रस्त्यात. अंतर टेपने घेतलं, ०.८० मीटर.

मी काही बोललो नाही. हद्द ठरवणं माझं काम नव्हेच, ते भूमी अभिलेखचं. मुकाट्याने कच्च्या नकाशात आकडा लिहिला. गुरुजी शेजारी येऊन वाकले. बराच वेळ कागद बघितला, मग खांब, मग गडगा.

“बाबांनी घातलेला आहे हा,” ते एवढंच म्हणाले. घरातून काकूंनी विचारलं, “काय झालं हो?” त्यांनी उत्तर दिलं नाही.

पंचनामा खाचराच्या बांधावर बसूनच लिहिला. ‘विद्यमान रुंदी ५.१० ते ६.२० मी., प्रस्तावित ९ मी.; रुंदीकरणाची जागा ताब्यात आल्याशिवाय बांधकाम परवानगी देऊ नये अशी शिफारस.’ ०.८० मीटरची ओळही घातली. न घालून चाललं असतं, पण एकदा शब्द गाळून तोंडघशी पडलो होतो.

सह्यांसाठी कागद पुढे केला तसे सगळे एकमेकांकडे बघायला लागले. गुरुजींनी खिशातून स्वतःचं पेन काढलं, ती ओळ पुन्हा एकदा वाचली आणि पहिली सही केली.

“पण माझी हरकत मी मागे घेत नाय हां,” पेनाला टोपण लावत ते म्हणाले. “तीपण लिहा.”

लिहिली.