आमची वाटचाल : जंपरच्या डबीपासून आजपर्यंत

पुण्यात १९९५ नंतर असेंबल्ड मशीन, म्हणजे सुटे भाग जोडून कॉम्प्युटर, बनवणारे गल्लोगल्ली झाले, आम्ही त्यातलेच. माल सगळ्यांचाच तापकीर गल्लीतून नाहीतर लॅमिंग्टन रोडवरून यायचा, त्यात कोणी मोठं नव्हतं. पण आमच्याकडे आयआरक्यू, म्हणजे प्रत्येक कार्डाला किंवा पोर्टला प्रोसेसरला हाक मारायला दिलेला नंबर, तो दोघांना एकच आला की भांडण, तपासल्याशिवाय कॅबिनेटचे स्क्रू लागत नसत, हे मी आजही छाती ठोकून सांगतो.

ही शिस्त आमच्या पहिल्या पार्टनरची. तो मूळचा रेडिओ-टीव्हीचा मेकॅनिक. त्याचं सामान म्हणजे बारीक टोकाचा चिमटा, बॅटरी, फिल्म रोलच्या डबीत साठवलेले जंपर (कार्डाचं सेटिंग ठरवणाऱ्या, पिनांवर बसवायच्या बारीक टोप्या) आणि एमएसडी हा मायक्रोसॉफ्टचा तपासणी प्रोग्राम टाकलेली बूट फ्लॉपी. पण एमएसडीवर तो कधी पूर्ण विसंबला नाही, कार्ड बाहेर काढून जंपर डोळ्यांनी बघायचा, आणि मग कॅबिनेटच्या आत कागद चिकटवायचा, आयआरक्यू ३ वर कॉम टू (दुसरा सिरियल पोर्ट), ४ वर कॉम वन, ५ वर साउंड, ७ वर प्रिंटर, असं सगळं हाताने लिहून.

१५ ऑगस्ट १९९५ ला सरकारी दूरसंचार कंपनी व्हीएसएनएलने इंटरनेट आणलं आणि पुढे घरोघरी इंटर्नल मोडेम आले. माउस कॉम वनवर, मोडेम कॉम थ्रीवर, दोघांचा आयआरक्यू ४, म्हणजे डायल केलं की माउस मेला. लोक माउस बदलायचे, विंडोज परत टाकायचे. आम्ही बायोसमधून, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमधून, बोर्डाचा कॉम टू बंद करायचो, मोडेम आयआरक्यू ३ वर न्यायचो, विषय संपला. आप्पा बळवंत चौकातले एक डीटीपीवाले काका याच कामामुळे आमचे झाले ते कायमचे, त्यांच्या मुलाची मशीनसुद्धा आमचीच.

आता ती गोष्ट, जी मी विसरलेलो नाही. एका क्लासची लॅब आम्ही केली, लॅन (नेटवर्कची) कार्ड मुद्दाम आयआरक्यू ५ वर ठेवली कारण ३ आणि ४ सिरियल पोर्टला हवे होते आणि साउंड त्यांच्या ऑर्डरमध्येच नव्हतं. काही महिन्यांनी दुसऱ्या एका दुकानदाराने त्यांना मल्टिमीडिया किट विकली, त्याच्या माणसाने आतला कागद न वाचता साउंड कार्ड डिफॉल्टवर, म्हणजे ५ वरच बसवली. आवाज सुरू झाला की नेटवर्क गायब, कधी अख्खी मशीन हँग. आणि तो दुकानदार क्लासवाल्यांना सांगतो, असेंबल्ड माल असाच असतो, ब्रँडेड घ्या! क्लासने आमचं उरलेलं पेमेंट थांबवलं, बाजारात बोभाटा झाला, सप्लायर उधारीसाठी दारात, दुकानाचं शटर कायमचं ओढायची वेळ आली होती. पार्टनरने घरचं सोनं गहाण ठेवलं, हे मी कुठेही सांगायला लाजत नाही.

आम्ही स्वतःहून गेलो, क्लासवाल्यांसमोर डिव्हाइस मॅनेजर उघडून पिवळं चिन्ह दाखवलं. आयएसए, म्हणजे जुन्या पद्धतीच्या स्लॉटच्या, कार्डांना आयआरक्यू वाटून घेता येत नाही, पीसीआय, म्हणजे नव्या पद्धतीच्या, कार्डांना येतो, हे तिथेच समजावलं. साउंडला हात लावला नाही कारण त्यांच्या डॉसच्या शैक्षणिक सीड्या ५ नाहीतर ७ वरच आवाज शोधायच्या, लॅन कार्डच कार्डांच्या सेटअप फ्लॉपीने १० वर नेली. लॅब त्याच दिवशी चालू झाली, एकही पार्ट बदलला नाही.

नंतरची वर्षं बरी गेली. विंडोज एक्सपी आलं, एपिक (आयआरक्यू सांभाळणारा नवा कंट्रोलर) आलं, पंधराच्या पुढचे आयआरक्यू दिसायला लागले, नवी मुलं हे सगळं विसरली. पण भोसरीच्या वर्कशॉपमधून जुन्या आयएसए कार्डाची मशीन अजून येते आमच्याकडे. तुमच्याकडे असली तर फॉरमॅट मारू नका, आधी न लागणारा कॉम किंवा प्रिंटर पोर्ट बायोसमध्ये बंद करा, पीसीआय कार्ड एजीपीच्या, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या, शेजारच्या स्लॉटमध्ये असेल तर दुसरीकडे हलवा, कारण त्या दोन्ही स्लॉटची आयआरक्यू लाइन बहुतेक बोर्डांवर एकच असते, आणि काय केलंत ते कागदावर लिहून आत चिकटवा.

त्या क्लासचं उरलेलं पेमेंट मात्र आजतागायत आलेलं नाही.