मी आपला इथंच बसतो

दारूची गाणी ऐकायला दारू लागत नाही. मेथी निवडत, कुकरच्या शिट्ट्या मोजत ती जास्त चांगली ऐकू येतात. मर्ल हॅगर्ड हा अमेरिकेतल्या 'कंट्री' म्हणजे गावाकडच्या ढंगाच्या गाण्यांचा गायक. त्याचा 'बॅक टू द बाररूम्स' हा १९८० सालचा अल्बम आमच्या स्वयंपाकघरात वाजतो तो असाच. सगळा मामला एकाच जातीचा. बाई सोडून गेलीय, किंवा जायच्या बेतात आहे, किंवा आहे पण असून नसल्यासारखी. आणि गडी बारमध्ये जाऊन बसलाय. सासूबाईंनी एकदा विचारलं, "हा बुवा म्हणतोय तरी काय?" थोडक्यात सांगितलं. त्या म्हणाल्या, "बायको गेली तर एवढा ठेका कशाला धरलाय मेल्यानं?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डमध्ये आहे. तीसच्या दशकात ओक्लाहोमाकडची दुष्काळानं, कर्जानं गांजलेली माणसं पोटामागं इकडं आली आणि कापसाच्या शेतात, तेलविहिरींवर राबू लागली. हॅगर्डचे आईवडीलही त्यांतलेच. वडील रेल्वेत कामाला. त्यांनी मालगाडीचा एक जुना डबा घेतला आणि त्याचंच घर केलं. १९३७ साली जन्मलेला मर्ल वाढला तो या घरात. दिवसभर राबलेली ही माणसं संध्याकाळी बारमध्ये यायची ती नाचायला. गाणं कितीही रडकं असो, पाय हलले पाहिजेत. त्या गोंगाटातून आरपार ऐकू जाईल असा टेलिकास्टर गिटारचा धारदार आवाजही तिथलाच. दुःख होतं, पण ते ताल धरूनच करावं लागे.

आपल्याकडं दारूचं गाणं निघालं की साकी येते, शमा येते, नाहीतर थेट गडकऱ्यांचा सुधाकर येतो. म्हणजे एक तर शायरी, नाहीतर सर्वनाश. हॅगर्डच्या बारमध्ये यांतलं काहीच नाही. तिथं उंच स्टूल आहे, नाणं टाकलं की वाजणारा ज्यूकबॉक्स आहे आणि शेजारी आपल्यासारखंच कुणीतरी बसलंय. पहिल्याच गाण्यात, 'मिझरी अँड जिन'मध्ये, तो एका एकट्या बाईची सिगारेट पेटवून देतो आणि दोघं गप्पा मारतात त्या जे विसरायचंय त्याबद्दलच. ही अशी अचूक जागा सापडली की हातातली मेथीची काडी हातातच राहते. गाणं क्लिंट ईस्टवुडच्या सिनेमासाठी केलेलं, त्यामुळं व्हायोलिनांचा पाक जरा जास्त झालाय. पण हॅगर्डचा आवाज तो पाक अंगाला लावून घेत नाही. ओळीच्या शेवटी तो खाली उतरतो, अगदी बोलल्यासारखा, आणि तिथंच सोडून देतो. हुंदका वगैरे नाही.

त्याच वर्षी अमेरिकेत कंट्री संगीताची फॅशन आली होती. जॉन ट्रॅव्होल्टाच्या सिनेमामुळं शहरी पोरं काउबॉय टोप्या घालून यांत्रिक बैलावर बसायला लागली होती. त्रेचाळीस वर्षांचा हॅगर्ड मात्र गाणी घेऊन परत जुन्या बारमध्ये. हे त्याला शोभतंही. १९५७ साली, विशीत असताना, दारू पिऊन हा आणि त्याचा दोस्त एक हॉटेल फोडायला गेले. मध्यरात्र उलटली असं समजून मागचं दार उचकटत होते, आणि आत हॉटेल चालू! लोक जेवत बसलेले. या प्रकरणाचा शेवट सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात झाला. तिथं कैद्यांसमोर नावाजलेला कंट्री गायक जॉनी कॅश गायला, आणि श्रोत्यांत हा होता. पुढं १९७२ साली कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे गव्हर्नर रेगन यांनी माफी दिली. दारूची किंमत मोजलेला माणूस दारूवर गातो तेव्हा उपदेश करत नाही आणि तिला डोक्यावरही घेत नाही, एवढं मला या अल्बममधून पटलंय.

शेवटचं गाणं, ज्यात तो 'मी आपला इथंच बसून पितो' म्हणतो, १९८१च्या सुरुवातीला बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रिय कंट्री गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. उठून घरी जाता येईल, नीट वागता येईल, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. पण तिला त्याची फिकीरच नाही, मग उठायचं कशाला? एवढाच युक्तिवाद, आणि तो अडवून धरल्यासारखा पुन्हा पुन्हा. मग सॅक्सोफोन सुटतो. कंट्री गाण्यात सॅक्सोफोन सहसा नसतो, पण हॅगर्डच्या बँडमध्ये डॉन मार्कहम होता. बोलणं संपतं आणि वाद्यं एकमेकांच्या हातातून सूर ओढून घेत राहतात. सासूबाईंची मान इथं हलते, हे मी पाहिलंय. त्या कबूल करणार नाहीत.

मला मात्र जास्त जवळचं वाटतं ते 'लेनर्ड'. त्यात प्रेमभंग नाही. लेनर्ड म्हणजे टॉमी कॉलिन्स, बेकर्सफील्डचाच गायक-गीतकार. यश मिळालं, ते सोडून धर्माच्या कामाला गेला, परत आला, दारूत बुडाला. हॅगर्ड ही हकिगत कट्ट्यावर बसून सांगावी तशी गातो. या माणसानं मला गाणं लिहायला शिकवलं, म्हणतो. आणि नाव व्हायच्या आधीच्या दिवसांत एकदा वाणसामानाची पिशवीसुद्धा आणून दिली. एवढ्या प्याल्यांच्या अल्बममध्ये ही किराण्याची पिशवी बरोबर लक्षात राहते. त्या पिशवीत काय काय होतं, हे त्यानं सांगितलेलं नाही. मला ऐकायला आवडलं असतं.