आमची वाटचाल: शून्य अंशाची रात्र

आमचा धंदा गेटवेचा. एका बाजूला आरएस-४८५ च्या (यंत्रं दोन तारांवर जोडायच्या पद्धतीच्या) तारा, दुसऱ्या बाजूला इथरनेट, मध्ये आमची डबी. मीटर एकाचा, सेन्सर दुसऱ्याचा, कंट्रोलर तिसऱ्याचाच असला तरी त्यांचं बोलणं एकमेकांना कळलं पाहिजे, एवढंच आमचं काम. या धंद्यातल्यांना ‘एवढंच’ वाचून हसू येईल.

सुरुवातीचं सामान अजून टेबलावर आहे. एक यूएसबी कन्व्हर्टर, तारेच्या टोकांना लावायच्या (टर्मिनेशन) १२० ओहमच्या रेझिस्टरची डबी, तारेवरचे सिग्नल बघायला आठ चॅनलचा स्वस्तातला लॉजिक अ‍ॅनलायझर आणि लॅपटॉपवर नेटवर्कचे संदेश वाचणारं वायरशार्क. त्या कन्व्हर्टरवर ए आणि बी ही अक्षरं इतर निम्म्या उपकरणांच्या मानाने उलटी आहेत. दोन तारांना काय म्हणायचं यावरसुद्धा उत्पादकांचं एकमत नाही, तर पुढचं काय बोलावं! मी त्यावर चिकटपट्टी लावून मार्करने बरोबर अक्षरं लिहिली. ती पट्टी आमच्या कंपनीचं पहिलं दस्तऐवजीकरण.

पहिला मोठा ग्राहक म्हणजे एक शीतगृह. त्यांनी जुने सेन्सर बदलून नवे बसवले, नव्या कंपनीचे. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘मॉडबस सुसंगत’. मॉडबस म्हणजे यंत्रांनी एकमेकांना आकडे कसे द्यायचे त्याचा प्रोटोकॉल. आम्ही रजिस्टरचे, म्हणजे सेन्सरमधल्या आकड्यांच्या खणांचे, पत्ते भरले, पडद्यावर ०.० अंश आलं. सगळे म्हणाले, छान गार आहे. आम्ही घरी गेलो.

पहाटे मालकांचा फोन. आवाज शांत होता, त्याचीच जास्त भीती वाटली. “साहेब, दारावरचा काचेचा थर्मामीटर अकरा दाखवतोय आणि तुमचा पडदा शून्य. मी कोणावर विश्वास ठेवू?”

काय झालं होतं ते सांगतो, कारण ते समजलं तर या धंद्यातलं अर्धं समजलं. मॉडबस १९७९ सालचं. त्याचं रजिस्टर १६ बिटांचं. तापमान ३२ बिटांत पाठवायचं तर दोन रजिस्टरं लागतात. त्यातलं वरचं अर्धं आधी की खालचं, याबद्दल मानकात शब्द नाही. आमचा ड्रायव्हर, म्हणजे सेन्सर वाचणारा कोड, वरचं आधी धरायचा; नवा सेन्सर खालचं आधी पाठवायचा. तापमान ४.२ असतं तर उलटापालट होऊन २७ वर बावीस शून्यं असा आकडा आला असता आणि आम्ही तिथेच हात थांबवला असता. पण हा सेन्सर अर्ध्या अंशाच्या टप्प्यात आकडे देत होता. ४.०, ४.५, ५.० या सगळ्यांचं खालचं अर्धं निव्वळ शून्य असतं. उलटे वाचले की इतका सूक्ष्म आकडा बनतो की पडद्यावर ०.०. शीतगृहात शून्याचा संशय कोणाला येणार? कंट्रोलरने आकडा दोन अंशांच्या खाली बघितला आणि इमानदारीत कंप्रेसर बंद ठेवला. जास्त तापमानाचा भोंगा तर वाजायचा प्रश्नच नव्हता.

माल गेला. सेन्सर कंपनीने कागद पाठवला की आमचं उत्पादन मानकानुसार आहे. आणि ते खरं होतं! आमचंही मानकानुसार होतं. दोघेही पास, आणि माल नापास. भरपाई मात्र आम्ही दिली, कारण आमची डबी मध्ये होती. चार महिने पगार अर्धे झाले. दोघं सोडून गेले, त्यांना मी दोष देत नाही. सेन्सर कंपनीला देतो, त्यांच्या माहितीपुस्तिकेत हा क्रम एका तळटीपेत होता.

शीतगृहाचे मालक मात्र राहिले. त्यांनी एकच अट घातली: “यापुढे तुमची डबी माझे आकडे कसे वाचते ते मला, किंवा मी आणीन त्या माणसाला, उघडून बघता आलं पाहिजे.” ते स्वतः एक ओळ कोड लिहू शकत नव्हते. आमच्या सगळ्या सल्लागारांपेक्षा त्यांचा सल्ला मोलाचा ठरला.

म्हणून आम्ही ड्रायव्हर उघडे केले, अपाची २.० या मुक्त परवान्याखाली. प्रत्येक मॉडेलसाठी एक साधी फाइल: पत्ता शून्यापासून मोजायचा की एकपासून, शब्दांचा, म्हणजे त्या दोन अर्ध्यांचा, क्रम कोणता, गुणक किती. मानक जिथे गप्प बसतं तिथे ही फाइल बोलते. अनोळखी लोक आपापल्या मीटरच्या फाइली पाठवू लागले. वाद झाला की पुस्तिकेचं पान नाही, चालणारा कोड दाखवायचा. इंटरनेटची मानकं घडवणाऱ्यांना हे फार आधी कळलं होतं. त्यांच्या १९९६ च्या नियमांत मसुदा मानकाचा दर्जा मिळवायला निदान दोन स्वतंत्र, एकमेकांशी जुळणाऱ्या अंमलबजावण्या लागत. दोन! एकट्याचा कोड स्वतःशी बोलतो, त्याला संवाद म्हणत नाहीत.

पुढची सहा वर्षं बरी गेली.

वरच्या, नेटवर्कच्या बाजूला आम्ही एमक्यूटीटी हा संदेश पोचवणारा प्रोटोकॉल घेतला, संदेश वाटणारा ब्रोकर म्हणून मॉस्किटो. १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्गे लक्ष ठेवायला हा प्रोटोकॉल जन्मला, २०१४ मध्ये ओएसिस या मानकसंस्थेचं मानक झाला. पण तो पाकीट पोचवतो, आतलं पत्र कोणत्या भाषेत ते सांगत नाही. आम्ही ‘टेम्प’ लिहिलं, दुसऱ्याने ‘टेम्परेचर’, तिसऱ्याने फॅरनहाइट. एमक्यूटीटीवरचं स्पार्कप्लग हे मानक आलं तेव्हा कुठे टॉपिक (संदेशावरचा पत्ता) आणि संदेशाचा साचा एक झाला. एककं तरीही तुमची तुम्हालाच ठरवावी लागतात.

आता त्या स्पर्धकाबद्दल. नाव घेणार नाही, धंद्यातले ओळखतील. आमच्याहून कितीतरी मोठी कंपनी, बंद क्लाउड, आणि अचानक त्यांच्या गेटवेला दीडशे मीटर समजू लागले. एका निविदेत त्यांनी आम्हाला हरवलं, वर ‘छोट्या कंपनीचा उघडा कोड असुरक्षित असतो’ असंही सुनावलं. नंतर त्यांचा एक गेटवे दुरुस्तीला आमच्याकडे आला. लॉग उघडला तर त्रुटीसंदेशात ‘रिसीव्ड’च्या इंग्रजी स्पेलिंगमधली आय आणि ई उलटी. ती चूक माझी. पहिल्या वर्षी मीच केलेली, आणि आळसाने कधी न सुधारलेली.

कोड वापरू नका असं आम्ही म्हटलंच नव्हतं. परवान्याची प्रत सोबत द्या आणि श्रेय नोंदवणाऱ्या नोटिस फाइलमधली नावं पुसू नका, इतकंच मागणं. त्यांनी दोन्हींपैकी एकही केलं नाही. पत्र पाठवलं, उत्तर नाही. वकील म्हणाले, जिंकाल, पण तोवर टिकाल का? मी फाइल कपाटात ठेवली. स्पेलिंग अजूनही सुधारलेलं नाही, आता मुद्दाम.

कोणी विचारलं नाही तरी सांगतो. नवा सेन्सर तपासताना गोल आकडे वापरू नका, १२३.४५६ असलं काहीतरी पाठवा. घरातली स्मार्ट उपकरणं जोडणाऱ्या मॅटरसारख्या मानकाचा कोड फुकट मिळतो म्हणून हुरळू नका, प्रमाणपत्र आणि सदस्यत्व यांचे पैसे आधी बाजूला काढा. आणि ‘सुसंगत’ हा शब्द खोक्यावर दिसला की विचारा, कशाशी?

गेल्या वर्षी एका रात्री आमच्या उघड्या कोडच्या भांडारात एक दुरुस्ती आली. ब्रोकरशी जोडणी तुटून पुन्हा जुळली की आमची डबी मेमरी सोडत नव्हती, महिन्याभरात गुदमरायची. आम्ही दोन वर्षं शोधत होतो. पाठवणाऱ्याचा पत्ता खासगी होता, पण जोडलेला लॉग मी ओळखला, त्या स्पर्धकाच्याच गेटवेचा. दुरुस्ती चोख होती, चाचणीसकट. मी ती स्वीकारली आणि पाठवणाऱ्याचं नाव नोटिस फाइलमध्ये घातलं.